ऑर्थोडॉन्टिक्सची तोंडओळख: आधी हातात तार द्यावी की समोर मूल बसवावे?

सहावी_दाढ

मी दंतवैद्यक महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वाकडेतिकडे दात आणि जबडे सुधारण्याची शाखा, शिकवते. येत्या सत्रापासून पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रास्ताविक प्रशिक्षणाची आखणी माझ्याकडे आली असून, ती नव्याने मांडण्याची मुभाही मिळाली आहे. मुभा मिळाली असली तरी तास वाढवून मिळालेले नाहीत. त्यामुळे नवे काही घ्यायचे तर जुने काहीतरी सोडावे लागणार, आणि नेमके काय सोडावे याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

सध्याचा क्रम आपल्यापैकी बहुतेकांनी भोगलेला आहे. आधी तार बोटांनी सरळ करायची, मग तिचे चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळे करायची, मग दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलवर क्लास्प (दाढेला पकडणारा तारेचा आकडा), लेबियल बो (पुढच्या दातांवरून जाणारी तार), स्प्रिंगा, आणि शेवटी अ‍ॅक्रिलिकची हॉले प्लेट, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर राखणारी काढती-घालती पट्टी. रुग्ण दिसतो तो हे सगळे आटोपल्यावर, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावरून. जबड्यांची वाढ, दातांची हालचाल, वर्गीकरण हे सारे व्याख्यानात येते, परंतु प्रात्यक्षिकाचा तास म्हणजे तारेचाच तास.

गेल्या तोंडी परीक्षेतला एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थ्याचा अ‍ॅडम्स क्लास्प साऱ्या वर्गात उजवा होता: दोन्ही बाणटोके दाढेच्या फुगवट्याखाली अलगद शिरलेली, मधला पूल सरळ आणि दातापासून सुटा, तारेवर प्लायरचा एकही ओरखडा नाही. मी त्याच्यासमोर नऊ वर्षांच्या एका मुलाची मॉडेल ठेवली. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांपैकी एक खालच्या दातांच्या आत बसला होता. त्याने पहिल्या दाढा पाहिल्या, 'अँगलचा वर्ग १', म्हणजे वरखालच्या दाढांचा पुढे-मागे मेळ बरोबर, असे अचूक उत्तर दिले आणि तो थांबला. हेच मूल खुर्चीत असते तर तोंड मिटताना काय पाहिले असते, असे विचारल्यावर तो पुन्हा मॉडेलकडेच पाहू लागला. दातांचा पहिला स्पर्श कोठे होतो, त्यानंतर जबडा पुढे किंवा बाजूला घसरतो का, आणि त्या माराने समोरच्या खालच्या दाताची हिरडी उतरू लागली आहे का, यांतले काहीच त्याला सुचले नाही. दोष त्याचा नव्हता, कारण आम्ही ते त्याला एकदाही करायला लावले नव्हते.

माझा कच्चा प्रस्ताव असा आहे की चौकोन-त्रिकोण पूर्ण बंद करावेत, तारेत फक्त अ‍ॅडम्स क्लास्प, शॉर्ट लेबियल बो आणि झेड स्प्रिंग (दात पुढे ढकलणारी) एवढेच ठेवावे, आणि वाचलेले सर्व तास मिश्र दंतावस्थेतल्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या तपासणीला द्यावेत. यात मी काय गमावते आहे?

सायंकाळचा_दवाखाना

काहीही गमावत नाही आहात, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अनेक वर्षे सर्वसाधारण दंतचिकित्सा करतो आणि पदवी मिळाल्यानंतर एकही क्लास्प मी स्वतः वाकवलेला नाही. ते काम प्रयोगशाळेत होते आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. याउलट किडलेली दुधाची दाढ दाखवायला आणलेले मूल माझ्याकडे रोज येते, आणि त्या दाढेच्या पलीकडे पाहायचे की नाही हे सर्वस्वी माझ्यावर असते.

न पाहण्याची किंमत काय असते, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. एका मुलीच्या दाढांमध्ये मी दोन वर्षांच्या अंतराने दोनदा सिमेंट भरले. पहिल्या भेटीत ती दहा वर्षांची होती, दुसऱ्या भेटीत बारा. दोन्ही वेळा वरच्या सुळ्याच्या जागी हिरडीवरून बोट फिरवण्याचे मला सुचले नाही. पुढे दुसऱ्याच कारणाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात तिचा वरचा सुळा टाळूच्या बाजूला आडवा पडलेला दिसला आणि शेजारच्या दाताचे मूळ त्याने झिजवायला घेतले होते. पुढे शस्त्रक्रिया, सुळ्याला साखळी आणि दीर्घ उपचार असे सगळे झाले. दहाव्या वर्षी एका बाजूला उंचवटा लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, एवढे जरी मी टिपले असते तरी पुढचा मार्ग कदाचित वेगळा झाला असता. एरिक्सन आणि कुरोल यांनी 1988 मध्ये दाखवून दिले होते की टाळूकडे वळलेल्या 46 सुळ्यांपैकी 36 सुळ्यांचा मार्ग केवळ दुधाचा सुळा वेळेवर काढल्याने सुधारला; ती मुले दहा ते तेरा वर्षांची होती. दुधाचा सुळा काढणे हे काम कोणताही पदवीधर करू शकतो. अवघड आहे ते योग्य वयात शंका येणे.

जुना_प्लायर

सायंकाळचा दवाखाना यांची तळमळ समजते, परंतु धाग्यातला प्रश्न 'तार की तपासणी' असा मांडला गेला आहे, तो मला मान्य नाही. तारकाम हे उपकरण बनवण्यासाठी शिकवायचे असते, हा समजच मुळात चुकीचा आहे. ते बळ समजण्यासाठी शिकवायचे असते.

एका टोकाला पक्क्या बसवलेल्या स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी पाठ म्हणतो आणि प्रत्येक विद्यार्थी विसरतो. मी निवृत्त होण्यापूर्वी काही वर्षे एक साधा प्रयोग करून घेत असे. 0.5 मिलिमीटर आणि 0.7 मिलिमीटर तारेच्या, सारख्याच लांबीच्या दोन सरळ स्प्रिंगा प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवायच्या, आणि ग्रॅम दाखवणाऱ्या गेजने दोन्हींची टोके तेवढ्याच अंतराने ढकलायची. जाड तारेला जवळजवळ चौपट जोर लागतो, कारण 1.4 चा चौथा घात 3.84 येतो. मग बारीक स्प्रिंगेची लांबी दुप्पट करायची, की जोर आठव्या हिश्श्यावर येतो. गेजचा काटा पाहताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो फळ्यावरचे समीकरण पाहून कधीच झालेला मी पाहिला नाही. स्प्रिंगेला कॉइल का घालतात, हे त्यानंतर सांगावे लागत नाही. लहानशा जागेत तारेची लांबी वाढवण्याची ती युक्ती आहे हे मुलेच सांगतात.

एका मुळाचा दात नुसता कलवण्यासाठी साधारण 35 ते 60 ग्रॅम बळ पुरते. हा आकडा ज्याच्या बोटांनी अनुभवलेला नाही, तो पुढे दवाखान्यात प्लेटची स्प्रिंग 'थोडी आणखी' वाकवून देतो आणि दात का हलत नाही म्हणून महिनाभर वाट पाहतो.

जाता जाता एक विनंती. कृपया विद्यार्थ्यांना तारेची जाडी मिलिमीटरमध्येच सांगावी. 'एकोणीस गेजची तार' म्हटले की ब्रिटिश पद्धतीने ती 1.016 मिलिमीटर होते आणि अमेरिकन पद्धतीने 0.912. बळ चौथ्या घाताने बदलत असताना एवढा फरक म्हणजे दीडपटीचा घोटाळा आहे.

अजून_इंटर्न

मी नुकताच या प्रशिक्षणातून गेलो आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. जुना प्लायर सरांनी सांगितलेला प्रयोग आमच्याकडे झाला असता तर माझे एक पूर्ण सत्र सत्कारणी लागले असते. आम्हाला तार दिली, आकृती दाखवली आणि तारखा दिल्या. एकाच जागी तीनदा उलटसुलट वाकवली की तार तुटते हे कळले, पण ती वाकवताना कठीण होत जाते म्हणून तुटते, हे मला नंतर स्वतः वाचून कळले. येथे कोणी ओळखत नाही म्हणून कबूल करतो की माझ्या वहीसोबत तपासायला दिलेल्या पाच क्लास्पपैकी दोन वरच्या वर्गातल्या एकाने वाकवलेले होते. मला त्यांवरच सर्वांत जास्त गुण मिळाले.

खरे शिक्षण झाले ते पहिली प्लेट रुग्णाच्या तोंडात बसवताना, म्हणजे ती बसलीच नाही तेव्हा. मॉडेलवर ती टच बसत होती. तोंडात मागच्या बाजूला उचलली जात होती आणि मूल दर वेळी जिभेने ती खाली पाडत होते. पाऊण तास मी क्लास्प घट्ट करत राहिलो. शेवटी सरांनी येऊन विचारले की माप, म्हणजे दातांचा ठसा, घेतल्यानंतर प्लास्टर कधी ओतले. माप मी सकाळी घेतले होते आणि जेवण करून आल्यावर ओतले होते.

प्लास्टर_आणि_मेण

मी दंत प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. डॉक्टरांच्या चर्चेत सहसा लिहीत नाही, पण इंटर्न यांचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवले नाही.

अल्जिनेटचे, म्हणजे ठसा घेण्यासाठी पाण्यात कालवायच्या पावडरीचे, माप उघड्यावर ठेवले की त्यातले पाणी जाते आणि ते आक्रसते. पाण्यात बुडवून ठेवले की पाणी शोषून फुगते. दोन्हींमुळे मॉडेल खोटे होते आणि खोट्या मॉडेलवर केलेली प्लेट मॉडेलवर मात्र सुरेख बसते, म्हणून चूक प्रयोगशाळेच्या माथी येते. माप धुऊन, निर्जंतुक करून, शक्य तितक्या लवकर ओतावे, आणि थोडा वेळ थांबणे भागच असेल तर ओलसर कापडात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावे. यात नवे काही नाही, परंतु आमच्याकडे येणाऱ्या कामाकडे पाहता हे कोणी करून दाखवलेले नसावे असे वाटते.

दुसरी गोष्ट अशी की विद्यार्थी दाढांच्या मागच्या भागात आणि ओठांच्या खोबणीत माप अर्धवट आणतात. क्लास्पची बाणटोके ज्या जागी बसायची, नेमक्या त्याच जागी बुडबुडा असतो. प्लास्टरचा तो मणी आम्ही खरवडतो, पण खरवडताना दाताचा आकार अंदाजानेच ठरतो. त्या अंदाजावर आम्ही क्लास्प करतो आणि त्या क्लास्पवर आपण उपचार करता.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची. 'वरची प्लेट, स्प्रिंगसह' एवढ्यावर आम्ही काय करावे? कोणता दात, कोणत्या दिशेने, किती जाडीची तार, चावण्याचा दाब अडवायला मागे अ‍ॅक्रिलिकचा थर हवा की नको, हे चित्र काढून लिहिलेले असले की फोन करावा लागत नाही. विद्यार्थ्यांनी एक क्लास्प कमी वाकवला तरी चालेल, पण एक चिठ्ठी नीट लिहायला शिकावी.

सहावी_दाढ

तिघांनी तीन बाजूंनी माझा प्रस्ताव मोडून काढला, याबद्दल आभार. सरांचा गेजचा प्रयोग मी पहिल्याच आठवड्यात घेणार आहे. तंत्रज्ञांनी सुचवलेली चिठ्ठी तर आमच्या वहीत आजवर कधीच नव्हती. आता झेड स्प्रिंगचे गुण चिठ्ठीसह असतील.

मात्र तपासणी कोणत्या क्रमाने शिकवावी हा पेच राहतोच. 1899 मध्ये अँगल यांनी पहिल्या कायमच्या दाढांवरून केलेले वर्गीकरण इतके सुटसुटीत आहे की विद्यार्थी तेच म्हणजे निदान असे समजून बसतात. वरच्या पहिल्या दाढेचा पुढचा गालाकडचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला की वर्ग १, आणि वर्ग १ म्हणजे सगळे ठीक, अशी ती साखळी असते. ते वर्गीकरण पुढे-मागे एवढेच सांगते. आडव्या आणि उभ्या दिशेविषयी, गर्दीविषयी, न उगवलेल्या दाताविषयी ते काहीही बोलत नाही.

सायंकाळचा_दवाखाना

क्रमासाठी मी ब्रुक आणि शॉ यांच्या 1989 च्या उपचारगरज निर्देशांकाचा आधार घेतो. त्यातल्या श्रेणी पाठ करण्याची पदवीच्या विद्यार्थ्याला गरज नाही. पण त्याचा पाहण्याचा क्रम अनमोल आहे. आधी गैरहजर दात, मग ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत), मग क्रॉसबाइट (वरचा दात खालच्याच्या आत बसणे), मग दातांच्या संपर्कबिंदूंचे सरकणे आणि शेवटी ओव्हरबाइट (वरचे दात खालच्यांना किती झाकतात). गैरहजर दात पहिला आहे, हे मला फार उशिरा कळले. वाकडा दात आईलाही दिसतो. नसलेला दात मोजल्याशिवाय डॉक्टरलाही दिसत नाही.

क्रॉसबाइट पाहताना मुलाला जिभेचे टोक टाळूवर शक्य तितके मागे लावायला सांगून हळूहळू तोंड मिटायला लावावे. खालचा जबडा खरोखर पुढे आहे की पटाशीचे दात एकमेकांवर आपटून तो पुढे घसरतो आहे, यातला फरक त्या एका कृतीत बऱ्याचदा उलगडतो, आणि आई-बाबांशी पुढे काय बोलायचे ते त्यावर ठरते.

टायपोडॉन्ट

मी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. वरील सर्व मते वाचून वाटते की दोन गोष्टी निसटत आहेत.

पहिली म्हणजे ऊतींमध्ये काय घडते ते. सरांनी बळाचे गणित सांगितले, परंतु जास्त बळाने दात वेगाने का हलत नाही, हे गणितातून कळत नाही. दात आणि हाड यांच्यामधल्या तंतुमय पडद्यातल्या रक्तवाहिन्या दाबाने बंद पडतात, तेथील पेशी मरतात, आणि हाड आतल्या बाजूने न झिजता मागून पोखरले जाईपर्यंत दात जागचा हलत नाही. सँडस्टेट यांनी 1904 मध्ये कुत्र्यांच्या दातांवर हे पाहिले होते. मूळ धाग्यातल्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरचा तो काचेसारखा निर्जीव भाग आणि गेजचा काटा एकाच तासात दाखवता आला, तर स्प्रिंग 'थोडी आणखी' वाकवण्याचा मोह त्याला कदाचित होणार नाही.

दुसरी म्हणजे उपचारानंतरचा काळ. ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या चकत्या) काढल्यावर त्या पडद्यातले मुख्य तंतू तीन-चार महिन्यांत नव्याने जुळतात, हिरडीतल्या कोलॅजन तंतूंना चार ते सहा महिने लागतात आणि हिरडीतले लवचीक तंतू वर्षभरानंतरही दाताला मागे खेचू शकतात. रिटेनर, म्हणजे दात जागेवर राखणारे उपकरण, हरवलेला रुग्ण आधी सर्वसाधारण दंतवैद्याकडेच येतो. 'बघू पुढच्या महिन्यात' असे त्याला सांगितले की काम संपले. तारेच्या तासात हॉले प्लेट ठेवायची असेल तर ती याच कारणासाठी ठेवावी.

अलायनर (दात हलवणाऱ्या पारदर्शक पट्ट्या) आणि तोंडातले स्कॅनर आल्यावर तारकाम कालबाह्य झाले, असे माझे सहाध्यायी म्हणतात. मला ते पटत नाही. पारदर्शक पट्टीसुद्धा शेवटी दातावर बळच लावते आणि प्रत्येक बळाला तितकीच उलट प्रतिक्रिया असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र ती प्रतिक्रिया दिसत नाही आणि एक दात हलवताना बाकीचे सारे दात शहाण्यासारखे जागेवर उभे असलेले दिसतात.

जुना_प्लायर

टायपोडॉन्ट यांचे शेवटचे वाक्य मी वर्गात वापरीन, म्हणजे वापरले असते. तपासणीच्या बाजूने एवढे बोलले गेले आहे म्हणून मीही एक तास देऊ करतो: चौकोन आणि त्रिकोण खुशाल सोडून द्यावेत. तार सरळ करणे मात्र सोडू नये. सरळ तार ओळखता न येणाऱ्याला वाकडी तारही ओळखता येत नाही.

सहावी_दाढ

मान्य. तार सरळ करणे राहील, आकृत्या जातील.

वाचलेल्या तासांत मिश्र दंतावस्थेतल्या जागेचे गणितही बसवते आहे, कारण ते मॉडेल आणि मोजपट्टीवर होते, त्याला रुग्ण लागत नाही. टनाका आणि जॉन्स्टन यांची 1974 ची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज 23 मिलिमीटर आली तर तिचे निम्मे 11.5, त्यात 10.5 मिळवले की खालच्या एका बाजूच्या न उगवलेल्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना 22 मिलिमीटर जागा लागेल, आणि 11 मिळवले की वरच्या बाजूला 22.5. हे सूत्र मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या मुलांच्या मोजमापांवरून आले आहे, हे त्याच तासात सांगेन, नाहीतर दशांश चिन्हावर भाबडी श्रद्धा बसते. दुधाचा सुळा आणि दाढा जाऊन कायमचा सुळा आणि उपदाढा आल्यावर खालच्या प्रत्येक बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर आणि वरच्या प्रत्येक बाजूला 0.9 मिलिमीटर जागा शिल्लक राहते, आणि दुधाची दाढ अवेळी काढली की पहिली कायमची दाढ पुढे सरकून ती जागा गिळते, हेही तेथेच येईल.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. तपासणीचा सराव वर्गमित्रांवर करता येतो. ओव्हरजेट, मध्यरेषा, जबड्याचे घसरणे हे सर्व एकमेकांच्या तोंडात पाहता येते. परंतु सुळ्याचा उंचवटा चाचपायला दहा वर्षांचे मूल लागते, आणि माझ्या वर्गात सगळ्यांचे सुळे केव्हाच उगवून बसले आहेत. बालदंतचिकित्सा विभागात येणाऱ्या मुलांच्या पालकांची संमती घेऊन दर आठवड्याला चार-पाच मुले मिळतील असे दिसते. एका मुलाच्या हिरडीवर तीस जणांनी बोटे फिरवणे काही योग्य होणार नाही, म्हणून प्रत्येक मुलामागे दोनच विद्यार्थी ठेवणार आहे. त्याने सर्वांची पाळी यायला बरेच आठवडे लागतील.

अजून_इंटर्न

मॅडम, हा धागा वाचून काल रात्री हात धुऊन धाकट्या भावाच्या हिरडीवर बोट फिरवले. तो दहा पूर्ण आहे. उजवीकडे सुळ्याचा उंचवटा स्पष्ट लागतो. डावीकडे हिरडी सपाट लागते. दोनदा पाहिले. माझी चूक होत असण्याची शक्यता आहे, कारण हे मी पहिल्यांदाच करत होतो.

सहावी_दाढ

या आठवड्यात त्याला आई-वडिलांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन विभागात आणा. केवळ चाचपण्यावरून आपण काहीही ठरवणार नाही. येण्यापूर्वी एवढे पाहून ठेवा: दोन्ही बाजूंचे दुधाचे सुळे बोटाने हलतात का, एक हलतो आणि दुसरा घट्ट आहे का, आणि डावीकडचा कडेचा पटाशीचा दात उजवीकडच्यापेक्षा वेगळा कललेला किंवा आकाराने लहान आहे का. जे दिसेल ते कागदावर लिहून आणा. पुढचे क्ष-किरण चित्र कोणत्या कोनातून काढायचे ते समोरासमोर पाहू.